हरमनप्रीत, हार्दिक का रोहिदास? हॉकीतले खेळाडू आकड्यांवर तोलायचे तर मोजायचं काय?

कळंबेकर (धागाकर्ता)

सरावानंतर चहाला सुरू झालेला वाद व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही मिटेना, म्हणून इथं धागा काढतोय. पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताचा सर्वांत उपयोगी खेळाडू कोण, हा वाद आहे.

निम्मी पोरं म्हणतात, यात विचारायचं काय? हरमनप्रीतसिंग. ८ सामन्यांत १० गोल, स्पर्धेत सगळ्यात जास्त. भारताचे एकूण गोल १५, म्हणजे तिनातले दोन गोल एकट्याचे. २०२४ चा जागतिक महासंघाचा सर्वोत्तम खेळाडूही तोच.

आता त्या १० गोलांची फोड करू. ७ पेनल्टी कॉर्नरवर, ३ पेनल्टी स्ट्रोकवर. फील्ड गोल, म्हणजे चालत्या खेळातला गोल, शून्य. यात त्याला कमी लेखायचा हेतू नाही, तो फुल बॅक आहे आणि संघानं त्याला दिलेलं काम त्यानं चोख केलं. पण पेनल्टी कॉर्नर कसा होतो बघा. बॅकलाइनवर, गोलपोस्टपासून किमान १० मीटरवर बॉल ठेवतात. एकजण तो जोरात बाहेर ढकलतो. दुसरा डी च्या (गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या) बाहेर वाकून स्टिक आडवी धरतो आणि थोपवतो. तिसरा फ्लिक मारतो, म्हणजे बॉल स्टिकनं ओढत नेऊन गोलाकडं भिरकावतो (ड्रॅग फ्लिक). थोपवताना बॉल चार बोटं जरी उडाला तरी फ्लिकची लय गेली, मग कितीही मोठा फ्लिकर असू दे. आणि हे सगळं व्हायच्या आधी कुणीतरी डी मध्ये घुसून बचाववाल्याच्या पायावर बॉल घातलेला असतो, तेव्हा कुठं कॉर्नर मिळतो. स्कोअरशीटवर नाव एकाचं.

दुसऱ्या टोकाला अमित रोहिदास. आपल्यावर पेनल्टी कॉर्नर असला की गोललाइनवरून पहिला पळत सुटतो तो हा. फ्लिकच्या रेषेत, अंगावर बॉल घ्यायची तयारी ठेवून. ब्रिटनविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात १७ व्या मिनिटाला त्याला लाल कार्ड मिळालं, उरलेला सगळा सामना भारत दहा जणांत खेळला, १-१ बरोबरी झाली, शूटआउटमध्ये ४-२ जिंकलो. बंदीमुळे तो जर्मनीविरुद्ध उपांत्य सामन्यात नव्हता आणि आपण २-३ हरलो. जर्मनीचा पहिला गोल पेनल्टी कॉर्नरवर, गोन्झालो पेलातचा.

रोहिदासच्या धावेचा आकडा कुठल्या रकान्यात लिहायचा? आणि मधल्या फळीतल्या हार्दिकसिंगचं काय? २०२३ चा सर्वोत्तम खेळाडू तो होता, आणि तो काही गोलांच्या राशीवर झाला नव्हता.

तालमीतला

आरं कळंबेकर, चहाला डोकं खाल्लंस ते खाल्लंस, आता हितं पण? ढकलणारा, थोपवणारा सगळं मान्य. पण कीपर समोर आडवा असताना वरच्या कोपऱ्यात घालायचा कुणी? त्या स्टॉपरनं? स्पेनसंगं ब्राँझची मॅच २-१, दोन्ही गोल हरमनप्रीतचं. त्यो नसता तर हात हलवत आलो असतो. गोल झाला की झाला, विषय कट.

ड्रॅगफ्लिक_वेडा

तालमीतला +१. पेलातचं नाव तुम्हीच काढलंत म्हणून सांगतो. २०१६ ला रिओत हाच माणूस अर्जेंटिनाकडून ११ गोल मारून सुवर्ण घेऊन गेला. मग देश बदलला, जर्मनीकडून खेळायला लागला, आणि २०२३ च्या विश्वचषकात ओडिशात ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात हॅटट्रिक मारली, जर्मनी विश्वविजेता. ढकलणारा बदलला, थोपवणारा बदलला, भाषासुद्धा बदलली, गोल तसेच. मग श्रेय फ्लिकरचं नाही तर कुणाचं?

टोरांटोतला_शाहूपुरीकर

इथं कॅनडात येऊन बारा महिने बर्फावरची हॉकी बघतोय, त्यामुळे हा वाद मला तोंडपाठ आहे. इकडची मंडळी यातनं गेलीत आणि अजून बाहेर आलेली नाहीत. थोडं लांबण लागेल, चालवून घ्या.

पूर्वी इकडच्या मोठ्या लीगमध्ये, एनएचएलमध्ये, गोल, पास आणि प्लस-मायनस एवढंच असायचं. प्लस-मायनस म्हणजे समान माणसं मैदानात असताना, तुम्ही बर्फावर आहात आणि तुमच्या संघानं गोल केला तर अधिक एक, खाल्ला तर वजा एक. १९७०-७१ च्या हंगामात बोस्टनच्या बॉबी ओरचा प्लस-मायनस होता अधिक १२४, आजवर कुणाला गाठता आला नाही. पण त्याच हंगामात त्याच्या जोडीला बचावात खेळणारा डॅलस स्मिथ अधिक ९४ वर होता. स्मिथ चांगला खेळाडू, पण ते ९४ ओरच्या सावलीतले हे उघड आहे. आकडा एकाच्या नावावर आणि कमाई पाच-सहा जणांची, हा कळंबेकरांचाच मुद्दा झाला.

मग लोक म्हणाले, गोल फार थोडे होतात, त्यात नशीब फार. त्यापेक्षा गोलाच्या दिशेनं मारलेला प्रत्येक फटका मोजू. आत गेलेला, कीपरनं अडवलेला, बाहेर गेलेला, मध्येच कुणाच्या पायाला लागलेला, सगळे. तुम्ही बर्फावर असताना आपले किती, त्यांचे किती. याला कोर्सी म्हणतात. जिम कोर्सी हे बफेलो संघाचे कीपरांचे प्रशिक्षक, कीपरवर किती ताण पडतो हे बघायला ते असं मोजायचे, त्यांचंच नाव चिकटलं. अडवलेले फटके वगळले की फेनविक. आणि तिसरा पीडीओ, म्हणजे आपल्या फटक्यांतले किती टक्के गोल झाले अधिक आपल्या कीपरनं किती टक्के अडवले. याची बेरीज लांबच्या पल्ल्यात १०० च्या आसपास येऊन बसते. कुणाची फार वर गेली तर समजायचं की दैव खुशीत आहे.

२०१३-१४ ला कोलोरॅडो संघानं ११२ गुण मिळवले, गाव नाचलं. कोर्सीवाले मान हलवत होते की फटक्यांचा हिशेब वाईट आहे, हे टिकणार नाही. पुढच्या हंगामात ९० गुण, बाद फेरीसुद्धा नाही. आमच्या टोरांटोचंही तसंच. २०१३ ला फटक्यांत मार खाऊन बाद फेरीत पोचले, सातव्या सामन्यात बोस्टनविरुद्ध ४-१ पुढं असताना हरले (ते आठवलं की अजून पोटात कालवतं), आणि पुढच्या वर्षी घरी बसले. त्यानंतर २०१४ च्या उन्हाळ्यात बऱ्याच संघांनी आकडेवाल्यांना पगारावर ठेवलं.

एवढं सगळं सांगून आता उलटी बाजू सांगतो. व्हँकुव्हरकडे सेडिन नावाचे जुळे भाऊ होते. कोच त्यांना मुद्दाम प्रतिस्पर्ध्याच्या गोलाजवळ खेळ सुरू व्हायचा असेल तेव्हा उतरवायचा. आणि आपल्या गोलाजवळची घाण काढायला मॅनी मल्होत्राला. हो, आडनाव बरोबर वाचलंत, वडील पंजाबी. नुसती कोर्सी बघितली तर सेडिन देव आणि मल्होत्रा बिनकामाचा. खरं तर मल्होत्रा त्या बाजूचं ओझं उचलत होता म्हणून सेडिन पलीकडं मोकळे होते. दोघांपैकी एक सेडिन २०१०-११ चा सर्वाधिक गुणांचा (खेळाडूचे गुण म्हणजे गोल अधिक पास) मानकरी ठरला. त्यात मल्होत्राचा वाटा किती, हे काढायचे प्रयत्न झाले. खेळ कुठून सुरू केला, समोर कोण होतं, सोबत कोण होतं, सगळं सूत्रात घालतात आणि शेवटी एकच आकडा देतात. पण दोन वेगळ्या अभ्यासकांची सूत्रं एकाच खेळाडूला दोन वेगळे क्रमांक देतात, तेव्हा समजायचं की त्या आकड्यात खेळाडूइतकाच सूत्र लिहिणाराही बसलेला आहे.

तालमीतला

एवढं वाचता वाचता चहा गार झाला. पण मल्होत्राचं भारी सांगितलंस.

मूकवाचक_क्र_१

वाखुसा (वाचनखूण साठवली).

गणिताचा_तास

ड्रॅगफ्लिक_वेडा यांच्या मुद्द्यात दम आहे, पण १० हा आकडा किती पक्का ते बघू.

खालचे आकडे निव्वळ गृहीत धरलेले आहेत. समजा एखाद्या फ्लिकरची खरी कुवत अशी की चार कॉर्नरमध्ये एक गोल. स्पर्धेत त्याला ४० कॉर्नर मिळाले. अपेक्षा १० गोलांची. आता हाच माणूस, हीच कुवत, हीच स्पर्धा पुन्हा पुन्हा खेळवली तर दर वेळी १० येतील का? नाही. पाचांतल्या चार वेळा आकडा ७ ते १३ च्या मध्ये कुठंतरी पडेल, आणि पाचव्या वेळी त्याच्याही बाहेर. म्हणजे ७ गोलवाला आणि १३ गोलवाला हे दोघं अगदी एकाच ताकदीचे असू शकतात. आपण मात्र एकाला हार घालतो आणि दुसऱ्याचं वय विचारतो.

एनएचएलच्या हंगामात एका संघाचे ऐंशीच्या वर सामने असतात. आपल्याकडे ऑलिंपिकमध्ये ८, प्रो लीगच्या एका हंगामात १६. ऐंशीच्या वर सामन्यांवर बेतलेली सूत्रं ८ सामन्यांना लावली तर उत्तर निघतं, त्याला दशांश चिन्हही असतं, फक्त त्याचा अर्थ काही नसतो.

रोहिदासबद्दलही तेच. तो बाहेर गेल्यावर ब्रिटनविरुद्ध दहा जणांनी ४३ मिनिटं काढली आणि त्या वेळात गोल १-१ (आपला गोल तर तो गेल्यावर पाच मिनिटांनी झाला!). जर्मनीविरुद्ध तो नसताना २-३. पहिल्यावरून म्हणायचं की तो नसला तरी चालतं, दुसऱ्यावरून म्हणायचं की त्याच्यावाचून अडतं? दोन्ही म्हणता येतं, म्हणून एकही म्हणू नये.

पीटी_मॅडम

मला वेगळंच विचारायचंय. मोजतं कोण?

आमच्या शाळेच्या मुलींच्या सामन्यांत मी बाहेर बसलेल्या दोघींना वह्या देते. एकीनं आपली डी मध्ये घुसखोरी किती वेळा झाली ते लिहायचं, दुसरीनंही तेच, एकमेकींची वही न बघता. पहिल्यांदा केलं तेव्हा दोन वह्या दोन वेगवेगळ्या सामन्यांच्या वाटत होत्या. चौकशी केली तर एक मुलगी बॉलनं रेघ ओलांडली की काडी ओढत होती, मग पुढं कुणी असो वा नसो. दुसरी म्हणाली, "मॅडम, आपल्या पोरीची स्टिक लागली तरच की. नाहीतर नुसता मारलेला बॉल आउट जातो, त्याला काय घुसणं म्हणायचं?" दोघींचंही बरोबर. पण आमची राइट इन लांबून जोरात मारणारी. पहिलीच्या वहीत ती सगळ्यात धोकादायक, दुसरीच्या वहीत ती जेमतेम.

आणि टॅकल. माझ्याकडे एक राइट हाफ होती. समोरची लेफ्ट विंग बॉल घेऊन आली की ही तिच्या अंगावर जायचीच नाही. स्टिक जमिनीला टेकवून, डावा पाय थोडा मागे, तिरकी उभी राहायची आणि हळूहळू मागे सरकायची. आतली वाट बंद, साइडलाइनकडची उघडी. विंगला वाटायचं मोकळं आहे, ती कडेनं पळायची आणि कोपऱ्यात जाऊन अडकायची, नाहीतर बॉलच लाइनबाहेर. वहीत टॅकल शून्य, बॉल हिसकावला शून्य. तिच्या जागी आलेली दुसरी मुलगी प्रत्येक वेळी झेप घ्यायची, तीनात एकदा बॉल मिळायचा, दोनदा विंग पार. तिच्या नावापुढं काड्याच काड्या! निवड करायला आलेल्यांनी वही बघितली आणि काड्यावालीला घेतलं. कुठली निवड, कोण आलं होतं, ते सोडा. वही माझीच होती याचं वाईट वाटतं.

टोरांटोतला_शाहूपुरीकर

मॅडम, तुमच्या दोन वह्यांचं इकडं मोठं प्रकरण आहे. धडक कशाला म्हणायचं, बॉल (म्हणजे चकती) गमावला कधी म्हणायचं, हे प्रत्येक शहरातला मोजणारा आपल्या समजुतीनं लिहायचा. त्यामुळे काही खेळाडू घरच्या मैदानावर दांडगट आणि बाहेर गेले की गरीब गाय. २०२१-२२ पासून चकतीत आणि खेळाडूंच्या अंगावर सेन्सर आले, त्यानं कोण कुठं होता हे कळतं. तुमच्या राइट हाफनं वाट बंद केली म्हणून पास दिलाच गेला नाही, हे सेन्सरलाही दिसत नाही. न झालेली गोष्ट मोजायची तर आधी ती होणार होती हे ठरवावं लागतं.

जुना_राइट_हाफ

मॅडम, त्या पोरीला माझा नमस्कार सांगा. आमच्या वेळी आम्हाला हेच शिकवलं, "बॉलकडं बघू नको, त्याला कुठं जायचंय ते बघ." आता पोरं झेपा घेतात.

तुम्ही लोक एका स्पर्धेतलेच खेळाडू तोलायला अडलाय, मग पिढ्यांची तुलना तर विसराच. आपल्या स्टेडियमला ज्यांचं नाव आहे त्या मेजर ध्यानचंदांचं घ्या. १९२८ ला अ‍ॅमस्टरडॅमला ५ सामन्यांत १४ गोल, भारतावर एकही गोल नाही. १९३२ ला लॉस एंजेलिसला अमेरिकेला २४-१ हरवलं, त्यात धाकटे बंधू रूपसिंग १०, ध्यानचंद ८. आकडा बघून डोळे फिरतात. पण त्या स्पर्धेत संघ किती होते? तीन. भारत, जपान आणि यजमान. मग हा आकडा मोठा का छोटा? मला विचाराल तर १९३६ च्या बर्लिनच्या अंतिम सामन्यात जर्मनीला त्यांच्या घरात ८-१ हरवलं, त्याचं वजन २४-१ पेक्षा जास्त.

त्यात मैदान बदललं. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून कृत्रिम टर्फ आलं आणि त्याच वर्षी आपण सातवे. गवतावर बॉल उसळायचा, त्याला मऊ हातानं मारायची कला आमच्याकडं होती, टर्फवर तिची किंमत निम्मी झाली. पळायची ताकद महाग झाली. नव्वदच्या दशकात ऑफसाइड गेला, हवे तितके बदली खेळाडू आले. सामना ७० मिनिटांचा होता तो चार पंधरा मिनिटांचा झाला. पाकिस्तानच्या सोहेल अब्बासचे आंतरराष्ट्रीय गोल ३४८, बहुतेक सगळे ड्रॅग फ्लिकवर. ध्यानचंदांच्या काळी ड्रॅग फ्लिक हा प्रकारच नव्हता. कशाला कशाशी लावणार?

आणि धनराज पिल्लै. आपल्या खडकीचा पोरगा, चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, तीनशेवर सामने. गोल किती? अधिकृत नोंदच धड ठेवली नाही. १७० च्या पुढं असं सांगतात. ज्याला मी डोळ्यांनी बघितलं त्याचा हिशेब कुणाकडं नाही, आणि ज्यांना कुणीच बघितलं नाही त्यांचे गोल शाळेच्या पुस्तकात.

ड्रॅगफ्लिक_वेडा

काका, धनराजचं माहीत नव्हतं. कमाल आहे.

टोरांटोतला_शाहूपुरीकर

पिढ्यांची तुलना करायला इकडं एक उपाय करतात. त्या काळात सामन्याला सरासरी किती गोल व्हायचे त्यानं भागायचं. वेन ग्रेट्झकीनं १९८१-८२ ला ९२ गोल केले तेव्हा सामन्याला दोन्ही संघांचे मिळून सुमारे ८ गोल व्हायचे. पुढं कीपरांची पॅडं मोठी झाली, शिकवण सुधारली, सरासरी ५-६ वर आली. अलेक्झांडर ओवेचकिननं ६ एप्रिल २०२५ ला ८९५ वा गोल करून ग्रेट्झकीचा ८९४ चा विक्रम मोडला. गंमत म्हणजे तो ओवेचकिनचा १,४८७ वा सामना होता आणि ग्रेट्झकीची कारकीर्दही बरोबर १,४८७ सामन्यांची. सामने सारखे, गोल जवळपास सारखे, तरी काळाच्या सरासरीनं भागलं की ओवेचकिन बराच पुढं जातो. मग ग्रेट्झकीचे चाहते म्हणतात, त्याचे गोलांपेक्षा पासच जास्त, ते धरा. धरले की ग्रेट्झकी परत वर. एकूण गुण २,८५७, कुणाच्या बापाला गाठता यायचे नाहीत.

पण १९३२ ला तीनच संघ असतील तर सरासरी कशाची काढणार? तिथं काकांशी सहमत.

गोलपोस्टमागून

सगळे गोल मारणाऱ्यांवर बोलताय, कीपरवर कुणी बोलेना, म्हणून आलो. मी स्वतः पॅड बांधतो.

ब्रिटनच्या त्या शूटआउटमध्ये आपला कीपर श्रीजेशच्या नावावर अडवलेला प्रयत्न एकच. दुसरा त्यांच्या खेळाडूनं वरून बाहेर मारला. रकान्यात तो "चुकला". पण शूटआउट म्हणजे २३ मीटर लाइनवरून ८ सेकंदांत कीपरला चुकवून गोल करायचा. कीपर पुढं किती आला, कधी खाली पडला, स्टिक कुठल्या बाजूला टाकली, यावर मारणारा घाई करतो. बाहेर गेलेल्या फटक्यात कीपर नव्हता असं मारणाऱ्यालाही म्हणता येणार नाही.

अडवण्याची टक्केवारी तर अजून फसवी. डी च्या टोकावरून कुणी रिव्हर्स स्टिकनं लांबून मारला, पॅडला लागला, मोजला. दोन मीटरवरून दुसऱ्या पोस्टला कुणी नुसती स्टिक लावली, गोल, मोजला. दोन्ही "फटका". ज्याचे बॅक लांबून मारू देतात आणि जवळ येऊ देत नाहीत त्या कीपरची टक्केवारी सोन्यासारखी. माझे बॅक उलटे आहेत. नाव घेत नाही, ते इथं वाचतात.

तालमीतला

वाचतोय की! पुढच्या मॅचला एकपण येऊ देत न्हाई जवळ, बघच तू.

कळंबेकर (धागाकर्ता)

गोलपोस्टमागून, याच्यासाठी अपेक्षित गोल नावाची पद्धत आहे. फटका कुठून, कुठल्या कोनातून, कशा प्रकारचा, यावरून आधीच्या हजारो फटक्यांतले किती गोल झाले ते बघतात आणि प्रत्येक फटक्याला वजन देतात. मग कीपरनं त्या वजनापेक्षा किती कमी गोल खाल्ले ते मोजायचं. फुटबॉल आणि बर्फाच्या हॉकीत आता रोजचं झालंय. आपल्याकडे हजारो फटक्यांची नोंद असेल तर करता येईल. शिवाय फटका मारताना कीपरसमोर किती गर्दी होती हे नोंदीत नसेल तर वजन परत चुकणार.

सगळं वाचून माझं मत थोडं पक्कं झालंय. आपल्या खेळात दोन खेळ आहेत. एक थांबून सुरू होणारा, म्हणजे पेनल्टी कॉर्नर, स्ट्रोक, शूटआउट. दर वेळी मांडणी तीच, माणसं तीच, जागा तीच. तिथं आकड्यावर बराच विश्वास ठेवता येतो, फक्त संधी पुरेशा हव्यात. ड्रॅगफ्लिक_वेडानं दिलेलं पेलातचं उदाहरण म्हणूनच पटतं. हे कसब गाठोड्यात बांधून दुसऱ्या देशात नेता येतं. दुसरा खेळ वाहता. तिथं हार्दिक बॉल घेऊन मधून निघतो, समोरचे दोघं त्याच्याकडं ओढले जातात, डावीकडं जागा होते, तिथून पास, तिथून डी, तिथून पाय, तिथून कॉर्नर. हार्दिकचं नाव या साखळीत कुठंच लिहिलं जात नाही. इथं आकडा फार तर प्रश्न विचारायला वापरावा, की हा मैदानात असताना आपल्याला कॉर्नर जास्त का मिळतात? मग व्हिडिओ लावून बघावं.

आणि या दोन खेळांची बेरीज करून एका खेळाडूला एक आकडा द्यायचा, ते मला पटत नाही. फ्लिकरला फ्लिकरशी लावा, राइट हाफला राइट हाफशी. जर्मनीविरुद्धच्या सामन्यात सुखजितनं कॉर्नरवर हरमनप्रीतच्या फ्लिकला स्टिक लावून गोल केला. नोंद सुखजितची. निम्म्या जागी बेरीज तिथंच बिघडते.

ड्रॅगफ्लिक_वेडा

फ्लिकरला फ्लिकरशी लावा म्हणताय तर तिथंही भाजक कुणी बघत नाही. नुसते गोल मोजतात. ज्याच्या संघाला सामन्याला आठ कॉर्नर मिळतात आणि ज्याला तीन, त्यांची तुलना गोलांवर करणं चूक. गोल भागिले कॉर्नर करा. त्यातही पहिल्या पसंतीचा फ्लिकर आणि चकवा म्हणून ठेवलेला दुसरा यांत फरक. दुसऱ्याला बॉल मिळतो तेव्हा रशर (गोललाइनवरून पळत सुटणारा बचाववाला) पहिल्याकडं धावलेला असतो, त्याचं सोपं असतं.

आई_अंडर१४

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय. माझी मुलगी फुल बॅक खेळते. दोन वर्षं गोल शून्य. घरी आलेले पाहुणे पहिला प्रश्न विचारतात, "किती गोल मारलेस बाळ?" ती आता म्हणते मला फॉरवर्ड व्हायचंय. तिला दाखवता येईल असं काही लिहून ठेवता येईल का? मॅडम, तुम्ही सांगाल का?

पीटी_मॅडम

ताई, नक्की. टॅकलच्या काड्या नका ओढू, त्याचं काय होतं ते वर लिहिलंय. तिच्या बाजूनं समोरचा संघ किती वेळा डी मध्ये आला ते लिहा, आणि दुसऱ्या बाजूनं किती वेळा. एका सामन्यावर काही ठरवू नका, हंगामभर लिहा. दुसरं, तिनं बॉल मिळवल्यावर पहिला पास आपल्या खेळाडूकडं गेला का. मिळवून परत त्यांनाच देणाऱ्या बॅक खूप असतात, कौतुक मात्र मिळवल्याचं होतं. तिसरं, तिच्या पायाला लागून किंवा तिच्या फाउलवर किती पेनल्टी कॉर्नर गेले. लहान वयात बॅकची प्रगती या तिसऱ्यात पटकन दिसते, कारण पाय बाजूला ठेवून स्टिकनं खेळायची सवय लागते.

डी मध्ये येणं म्हणजे काय ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि हंगामभर बदलू नका. आणि जमल्यास मोबाइल एका जागी ठेवून सामना रेकॉर्ड करा, बॉलच्या मागे फिरवू नका. बॉलच्या मागे फिरवला की बॅक कधीच दिसत नाही.

जुना_राइट_हाफ

आणि पाहुण्यांना सांगा, किती खाल्ले ते विचारा.

आई_अंडर१४

खूप आभार. काकांचं तिला वाचून दाखवलं, हसली.

तालमीतला

सगळं झालं. आता सरळ सांग कळंबेकर, पॅरिसचा माणूस कोण? आडवंतिडवं बोलायचं न्हाई.

कळंबेकर (धागाकर्ता)

सरळ सांगतो. थांबलेल्या खेळात हरमनप्रीत, त्यात वादच नाही. वाहत्या खेळात माझं मत हार्दिकला. आणि रोहिदासचं सिद्ध करता येत नाही, पण माझ्यावर कॉर्नर असेल तर पहिला पळायला मला तोच हवा.

तालमीतला

म्हंजे तिघंबी. चहाचं बिल पण तिघांत वाटून घालणार व्हय मग?

गणिताचा_तास

मॅडम, तुमच्या वहीचा नमुना एक्सेलमध्ये करून इथं टाकतो. फक्त "डी मध्ये येणं" ची व्याख्या कुठल्या मुलीची घ्यायची ते सांगा.

पीटी_मॅडम

दुसरीची. स्टिक लागली तरच.